एका वाक्याचा हुकूम : आणीबाणीवर निबंध लिहिणाऱ्यांसाठी

२५ जून २०२५ ला आणीबाणीला ५० वर्षं झाली आणि शाळा-कॉलेजांत त्या विषयावर निबंध स्पर्धा सुरू झाल्या. त्यातल्या एका स्पर्धेचा गठ्ठा तपासायला माझ्याकडे आला. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून उत्सुकतेनं सुतळी सोडली. पहिल्या दहा निबंधांपैकी आठांची सुरुवात एकच होती: ‘आणीबाणी हा भारतीय लोकशाहीच्या इतिहासातील काळा अध्याय आहे.’ शेवटही सारखाच, लोकशाही चिरायू होवो. मधल्या दोन पानांत मात्र काय घडलं ते कुठेच नव्हतं. फक्त विशेषणं होती.

एका मुलीनं निबंधाखाली पेन्सिलीनं एक प्रश्न लिहून ठेवला होता. बहुधा खोडायचा राहिला असावा. ‘पोलीस कुणालाही उचलून नेत होते, तर लोक कोर्टात का गेले नाहीत?’

मला त्या अख्ख्या गठ्ठ्यात हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. कारण त्याचं खरं उत्तर असं आहे की लोक कोर्टात गेले होते. तरीही सुटले नाहीत. असं का झालं, हे समजलं की आणीबाणी समजते. म्हणून हा लेख त्या मुलीसाठी, आणि तिच्यासारखा प्रश्न पडूनही विचारायला बिचकणाऱ्या सगळ्यांसाठी.

आणीबाणी म्हणजे नेमकं काय?

रेल्वेच्या डब्यात धोक्याची साखळी असते. एरवी गाडी कुठे थांबणार हे वेळापत्रक ठरवतं. डब्याला आग लागली, कुणी खाली पडलं, तर साखळी ओढून ते वेळापत्रक बाजूला ठेवता येतं. साखळी असणं चूक नाही, ती हवीच. फक्त ती कुणी, कधी आणि कशासाठी ओढायची याचे नियम कडक लागतात.

आपल्या राज्यघटनेतलं कलम ३५२ ही तशी साखळी आहे. देशाच्या सुरक्षेवर गंभीर संकट आलं तर राष्ट्रपती राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करू शकतात. मग केंद्र सरकारचे अधिकार खूप वाढतात आणि नागरिकांचे काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवता येतात.

इथे एक घोटाळा बरीच मुलं करतात. राष्ट्रपती राजवट वेगळी. ती कलम ३५६ खाली एखाद्या राज्यात लागते. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये लागली होती. कलम ३६० मधली आर्थिक आणीबाणी देशात आजवर एकदाही लागलेली नाही. नुसतं ‘आणीबाणी’ म्हणतो तेव्हा आपल्याला २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हे २१ महिने म्हणायचे असतात.

ही साखळी पहिल्यांदा १९७५ मध्ये ओढली गेली असंही नाही. चीनच्या आक्रमणाच्या वेळी ऑक्टोबर १९६२ मध्ये ती ओढली गेली आणि थेट जानेवारी १९६८ पर्यंत आणीबाणी चालू राहिली. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा पुन्हा ओढली. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, आणीबाणी मात्र उठवलीच नाही. म्हणजे १९७५ चा जून उजाडला तेव्हा कागदोपत्री देशात एक आणीबाणी आधीच चालू होती! हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७५ मध्ये साखळी का ओढली गेली?

त्या आधीची दोन-तीन वर्षं फार ओढगस्तीची होती. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि इथली महागाई आभाळाला भिडली. अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून मुलं चिडली आणि त्यातून गुजरातचं नवनिर्माण आंदोलन पेटलं. बिहारमध्ये विद्यार्थ्यांनी जयप्रकाश नारायण यांना नेतृत्व घ्यायला लावलं. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकारानं देशभर रेल्वेचा संप झाला, तो सरकारनं कठोरपणे मोडला.

अशा वातावरणात १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आला. १९७१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीतून निवडून आल्या होत्या. पराभूत उमेदवार राज नारायण यांनी त्या निवडणुकीला आव्हान दिलं होतं. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी दोन बाबतींत इंदिराजींना दोषी धरलं. एक, सरकारी नोकरीत असलेल्या माणसाची प्रचारात मदत घेतली. दोन, सभेची व्यासपीठं आणि ध्वनिक्षेपकाची सोय सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतली. निवडणूक रद्द झाली आणि सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी आली.

हे दोष आजच्या मानानं किरकोळ वाटतात, तेव्हाही अनेकांना वाटले. पण कायद्यात ते निवडणुकीतले भ्रष्ट आचार होते आणि कायदा पंतप्रधानांना वेगळा नव्हता. त्या निकालाचं मोठेपण मला तरी त्यातच दिसतं.

इंदिराजी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुट्टीतले न्यायाधीश न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी २४ जूनला अर्धीमुर्धी स्थगिती दिली. पंतप्रधानपदी राहा, पण लोकसभेत मतदान करू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची प्रचंड सभा झाली. त्यांनी राजीनामा मागितला आणि पोलीस, लष्कर यांनी बेकायदा हुकूम पाळू नयेत असं आवाहन केलं.

त्याच रात्री साखळी ओढली गेली. डब्यात धूर होता, हे खरं. पण साखळी ओढणाऱ्या हाताचंच तिकीट तपासनिसानं तेरा दिवसांपूर्वी नामंजूर केलं होतं, हेही खरं. निबंधात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायला हवीत.

तो एका वाक्याचा कागद

आणीबाणीचा जाहीरनामा म्हणजे जाडजूड दस्तऐवज असेल अशी मुलांची कल्पना असते. तो एका वाक्याचा आहे. कलम ३५२ खालच्या अधिकारानुसार मी, भारताचा राष्ट्रपती, जाहीर करतो की अंतर्गत अशांततेमुळे भारताची सुरक्षितता धोक्यात येऊन गंभीर आणीबाणी निर्माण झाली आहे. खाली फक्रुद्दीन अली अहमद यांची सही, तारीख २५ जून १९७५. बस्स.

माझ्या वर्गात हमखास हात वर व्हायचा: “बाई, राष्ट्रपतींनी सही करायला नाही का म्हटलं नाही?” आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. पण त्या रात्री मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, त्यात बैठक बोलावायला वेळ नसल्याचं कळवलं आणि सरकारी कामकाजाच्या नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेतला. तातडीच्या वेळी पंतप्रधान नियमाला फाटा देऊ शकतात, मंजुरी मागाहून घेता येते, असा तो नियम. मंत्र्यांना बोलावलं ते २६ जूनच्या पहाटे. तोवर सही होऊन गेली होती आणि जयप्रकाश, मोरारजी देसाई यांच्यासह कितीतरी नेते अटकेत होते. बैठकीत कुणी विरोध केला नाही.

दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर बऱ्याच वर्तमानपत्रांचे छापखाने होते. रात्री तिथली वीज तोडली गेली. सकाळी लोकांना बातमी कळली ती आकाशवाणीवर खुद्द इंदिराजींच्या आवाजात. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही.

हे सगळं मी इतकं तपशिलात सांगते आहे, कारण ‘लोकशाहीचा खून’ हे शब्द वाचून मुलांच्या डोळ्यापुढे रणगाडे येतात. रणगाडे कुठेच नव्हते. एक पत्र होतं, एक नियम होता, एक कलम होतं आणि एक सही होती. त्या प्रत्येक गोष्टीची सोय कायद्यात आधीपासून करून ठेवलेली होती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हक्क ‘स्थगित’ होतात म्हणजे काय होतं?

इथे थोडं सावकाश वाचा.

घटनेनं आपल्याला मूलभूत हक्क दिले आहेत. कलम १४ म्हणजे कायद्यापुढे समानता. कलम १९ म्हणजे बोलण्याचं, जमण्याचं, फिरण्याचं स्वातंत्र्य. कलम २१ म्हणजे कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. कलम २२ अटक झालेल्या माणसाला संरक्षण देतं.

हक्काला दोन अंगं असतात. हक्क असणं आणि तो मोडला तर दाद मागता येणं. घर तुमच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, पण तलाठी, पोलीस, कोर्ट सगळ्यांनी ‘सध्या तक्रार घेत नाही’ अशी पाटी लावली, तर घरात कुणीही घुसू शकतं. २७ जूनला राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला, त्यानं नेमकी ती पाटी लावली. कलम १४, २१ आणि २२ खाली कोर्टात दाद मागण्याचा हक्क स्थगित. कलम १९ साठी तर वेगळं काही करावंच लागलं नाही. १९७१ च्या त्या न उठवलेल्या आणीबाणीमुळे ते डिसेंबर १९७१ पासूनच निलंबित होतं. साडेतीन वर्षं! आणि कुणाच्या फारसं लक्षातही आलं नव्हतं.

दुसरं हत्यार होतं ‘मिसा’. अंतर्गत सुरक्षेसाठी १९७१ मध्ये केलेला हा कायदा. त्याखाली गुन्हा केला म्हणून नाही, तर पुढे करू शकाल म्हणून आत ठेवता येत असे. याला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता म्हणतात. आणीबाणीत मिसा आणखी कडक केला आणि अटकेचं कारण सांगण्याचीही गरज ठेवली नाही. अटक आधी, कागद मागाहून, असेही प्रकार पुढे शाह आयोगासमोर आले. या आयोगानं नंतर सगळ्या गैरप्रकारांची चौकशी केली. त्याच्या आकड्यांनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं पकडली गेली.

पुण्याच्या येरवडा तुरुंगात तेव्हा संघाचे स्वयंसेवक, समाजवादी आणि जमाते इस्लामीचे कार्यकर्ते एकाच वेळी स्थानबद्ध होते. बाहेर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं आत एका पंगतीला बसत होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या मुंबईत लाटणं मोर्चे काढणाऱ्या बायकाही तुरुंगात गेल्या.

मग लोक कोर्टात का गेले नाहीत?

आता पेन्सिलीनं लिहिलेल्या प्रश्नाकडे येते.

कायद्यात एक फार जुना उपाय आहे. हेबियस कॉर्पस, मराठीत बंदीप्रत्यक्षीकरण. शाळा सुटून तास झाला, मुलगा घरी आला नाही, शिक्षकांनी कोंडून ठेवलाय असं कळलं, तर आई काय म्हणेल? “आधी माझं पोर समोर आणा, मग काय ते बोलू.” हेबियस कॉर्पसमध्ये कोर्ट सरकारला हेच म्हणतं. माणूस समोर आणा, त्याला कोणत्या कायद्यानं धरलं ते दाखवा, दाखवता आलं नाही तर सोडा.

मिसाबंदींचे नातेवाईक आणि वकील हीच मागणी घेऊन देशभर उच्च न्यायालयांत गेले. सरकार म्हणालं, दाद मागण्याचा हक्कच स्थगित आहे, अर्ज ऐकू नका. नऊ उच्च न्यायालयांनी हे मान्य केलं नाही. आणीबाणी असली तरी स्थानबद्धता कायद्यात बसते की नाही एवढं आम्ही तपासू, असं त्यांनी बजावलं. त्या भीतीच्या दिवसांत नऊ न्यायालयांनी हे म्हणायला धाडस लागलं असेल. निबंधांत याचा उल्लेख मला एकदाही सापडला नाही.

सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल, हे त्या खटल्याचं नाव. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर कोर्टात काही उपाय आहे का? डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी चालू आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश ए. एन. राय, न्या. एम. एच. बेग, न्या. वाय. व्ही. चंद्रचूड आणि न्या. पी. एन. भगवती यांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईसारखी आहे, असं न्या. बेग यांनी निकालात लिहिलं. ज्यांच्या घरच्यांना आपलं माणूस कुठल्या तुरुंगात आहे याचा पत्ता नव्हता, त्यांनी हे वाक्य कसं वाचलं असेल!

एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. जगण्याचा हक्क कलम २१ नं जन्माला घातलेला नाही, तो त्याआधीही होता, आणि कायद्याच्या राज्यात कुणाचा जीव सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा. याची किंमत मोजावी लागेल हे त्यांनी ओळखलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्ना यांनी राजीनामा दिला.

चार विरुद्ध एकचा तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात चुकीचा ठरवला. तो चुकीचा आहे असं लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे न्या. वाय. व्ही. चंद्रचूड यांचे चिरंजीव. वडिलांची चूक भर न्यायालयात दुरुस्त करायला ४१ वर्षं लागली.

वर्तमानपत्रांचं काय झालं?

मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवायचा, असा नियम आला. २८ जूनच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी होती. पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींमध्ये एक निधनवार्ता छापून आली. टी. रूथ यांचे पती, एल. आय. बर्टी यांचे वडील डी. ई. एम. ओक्रसी यांचं २६ जूनला निधन. ही नावं भराभर वाचा. ट्रुथ, लिबर्टी, डेमॉक्रसी. सेन्सॉरच्या नजरेतून ते सुटलं.

महाराष्ट्रानं या काळात काही चांगल्या नोंदी करून ठेवल्या आहेत. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’नं मान तुकवली नाही आणि कारवाई ओढवून घेतली. मिनू मसानी यांच्या मासिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९७६ मध्ये सेन्सॉरला खडसावलं की सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात गायला लावणं हे तुमचं काम नाही. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच मंचावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

आणीबाणी घरात कशी शिरली?

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मिसा, सेन्सॉर हे शब्द कानावर पडायचे, कळायचे नाहीत. कळत होता तो एकच शब्द, ‘केस’. आमचे गुरुजी शाळा सुटल्यावर सायकल काढून ‘केस’ शोधायला जायचे. नसबंदीसाठी माणूस मिळवून देणं म्हणजे केस. ठरलेल्या केसेस भरल्या नाहीत तर पगार अडेल या धास्तीनं ते आमच्या आजोबांच्या ओट्यावर येऊन बसले होते, ते मला दिसतं. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आजोबांचं वय साठच्या पुढे. गुरुजी काही बोलले नाहीत, पाणी पिऊन उठून गेले.

देशात १९७५-७६ मध्ये सुमारे २६ लाख आणि १९७६-७७ मध्ये सुमारे ८१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. एका वर्षात तिप्पट. कुटुंबनियोजन वाईट नव्हतं, पण उद्दिष्टाचा आकडा वरून खाली सरकत गेला तशी प्रत्येक पायरीवर जबरदस्ती वाढत गेली, आणि तक्रार घेणारं दार बंद होतं. आपल्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा झाला नाही.

“पण शिस्त होती, गाड्या वेळेवर धावत होत्या!”

हे वाक्य तुम्हाला आजी-आजोबांकडून ऐकायला मिळेल. ते खोटं बोलत नाहीत. कचेऱ्यांत माणसं वेळेवर दिसू लागली, संप थांबले. पवनारहून विनोबांनी ‘अनुशासन पर्व’ हे शब्द दिले आणि सरकारनं ते भिंतींवर रंगवले. महागाईही उतरली.

पण महागाईचा दर १९७४ च्या शेवटीच उतरू लागला होता, आणि १९७५ चा पाऊस चांगला झाला. त्याचं श्रेय मिसाला देता येत नाही. शिस्तीबद्दल एवढंच विचारा, की गाडी खरंच उशिरा आली असती तर ती बातमी कुठे छापून आली असती? तक्रारी कमी झाल्या की तक्रारीची सोय, हे वेगळं काढून दाखवता येत नाही.

“देशात अराजक माजलं होतं, दुसरा उपाय काय होता?”

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरला बॉम्बस्फोटात रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांचा जीव गेला. गुजरातेत निवडून आलेली विधानसभा रस्त्यावरच्या आंदोलनानं बरखास्त करायला लावणं कितपत योग्य, हा प्रश्नही आहेच. त्यावर निबंधात विरोधी बाजू मांडलीत तर मी एकही गुण कापणार नाही.

मात्र उपाय नव्हता असं म्हणता येत नाही. १९७१ ची आणीबाणी चालूच होती. मिसा होता. पोलीस, न्यायालयं होती. १९७५ च्या आणीबाणीनंतर झालेल्या घटनादुरुस्त्या बघा. ३८वी दुरुस्ती, आणीबाणीला कोर्टात आव्हान देता येणार नाही. ३९वी, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर. यातला दुसरा कायदा अराजक थांबवण्यासाठी कसा लागतो, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा गाभ्याचा भाग रद्द केला, आणि निवडणूक कायदा मागील तारखेपासून बदलल्यामुळे इंदिराजींची निवडणूक मात्र वैध ठरवली.

“शेवटी निवडणूक त्यांनीच घेतली ना?”

हो, आणि हे निबंधात आलंच पाहिजे. लोकसभेची मुदत आधी वाढवली होती. त्याचा निषेध म्हणून मधू लिमये यांनी तुरुंगातून खासदारकी सोडली. पण १८ जानेवारी १९७७ ला इंदिराजींनी निवडणूक जाहीर केली. मार्चमध्ये मतदान झालं, त्या स्वतः रायबरेलीत राज नारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी हरल्या, आणि पायउतार झाल्या. मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. दक्षिणेत मात्र काँग्रेसनं चांगलं यश मिळवलं. म्हणजे सगळ्या देशानं आणीबाणी एकाच तऱ्हेनं अनुभवली नव्हती.

आज पुन्हा तसं होऊ शकतं का?

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं साखळीभोवती काच बसवली. ‘अंतर्गत अशांतता’ हे ढगळ शब्द गेले, त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, एकट्या पंतप्रधानांचं पत्र चालणार नाही. संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, तीही विशेष बहुमतानं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी खास बैठक घ्यावी लागते. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देणारी तरतूद: आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१ साठी दाद मागण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. न्या. खन्नांचं एकट्याचं मत दोन वर्षांत घटनेत जाऊन बसलं.

तेव्हा १९७५ सारखं तंतोतंत घडवणं आज फार अवघड आहे. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धता घटनेत तेव्हाही होती, आजही आहे. मिसा १९७७ नंतर रद्द झाला, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. आरोप न ठेवता माणसाला आत ठेवण्यासाठी आणीबाणी लागत नाही.

४४व्या दुरुस्तीत यावरही एक कलम होतं, कलम ३. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे न नेता माणसाला जास्तीत जास्त तीन महिने डांबता येतं, ते दोन महिन्यांवर आणायचं आणि त्या मंडळावर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनं माणसं नेमायची. संसदेनं ते मंजूर केलं. ते लागू कधी करायचं, याची तारीख ठरवणं सरकारवर सोडलं. सरकारनं तारीख जाहीर करावी म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८१ च्या डिसेंबरात निकाल लागला. सरकारला तशी सक्ती आम्ही करू शकत नाही, असं बहुमतानं ठरलं. सरन्यायाधीश होते न्या. वाय. व्ही. चंद्रचूड. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. कलम ३ ची अधिसूचना अजून निघालेली नाही.